पंच्याहत्तर सेंटिमीटरांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. थांबा, टेकू नका! माझ्यावर बसण्याआधी विचारायचं असतं, आणि हे मनातल्या मनात ओरडून ओरडून माझे सांधे खिळखिळे झाले आहेत.

मी दिवाणखान्यातली खुर्ची नव्हे. ज्यांचे पाय साथ देत नाहीत असे खेळाडू माझ्यासारखीवर बसून गोळा फेकतात. त्यासाठी मला चार बाजूंनी जमिनीला करकचून बांधतात. गोळा हातातून सुटेपर्यंत खेळाडूने बैठक सोडायची नसते; जरा उचलली गेली की तो प्रयत्न बाद.

मला घडवलं मामांनी, म्हणजे चिमणीच्या मामांनी. ते फाटकं आणि खिडक्यांचे गज बनवत. चिमणी ही माझी मालकीण. रुंद खांदे, तळहाताला घट्टे, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जावा, आणि घरचं नाव काय तर चिमणी! लहानपणी तापात तिचे पाय गेले ते गेलेच.

"मामा, उशीसकट पंच्याहत्तर सेंटिमीटर. केसभर वर गेली तर मला बसूच देणार नाहीत," तिने बजावलं होतं. मामांनी एका फाटकाचे उरलेले पाइप घेतले, माझं लोखंड सत्तरावर थांबवलं आणि पाच सेंटिमीटर उशीला ठेवले. असा नेमका माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पुढची अकरा वर्षं आम्ही दोघी रोज सकाळी मैदानावर असायचो. मग ती दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत कामाला जाई आणि मी गॅलरीत. तिथे माझ्यावर ओले टॉवेल पडत. एकदा शेजारचे काका बूट घालून माझ्यावर उभे राहिले आणि त्यांनी बल्ब बदलला. चिमणी पदकं आणी, वर्तमानपत्रात फोटो येई. फोटोत चिमणी, पदक आणि तिचे प्रशिक्षक सर. मला मात्र खालून कापलेलं! मग ही बाई काय हवेत बसली होती?

पण माझं सोडा. मदत करणाऱ्यांनी चिमणीच्या नाकी नऊ आणले होते. ती औषधाच्या दुकानासमोर मैत्रिणीची वाट पाहत थांबली असताना एका भल्या गृहस्थाने तिची चाकांची खुर्ची ढकलत तिला रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. "आभार मानू नका," म्हणाले आणि निघून गेले. ती आभार मानणार नव्हती, वेगळंच काही बोलणार होती.

एवढं सगळं सहन करून आम्ही तिच्या तिसऱ्या पॅरालिम्पिकला निघालो. आधीच्या खेपेला ती चौथी आली होती. आता खांदा झिजला होता आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा हंगाम झाला की फेकणं बंद. म्हणजे इथलं पदक मिळालं तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

मैदानात जाण्याआधी खुर्च्या तपासतात. पंचबाईंनी मला टेप लावली आणि भुवया उंचावल्या. सत्त्याहत्तर!

"शक्य नाही," सर म्हणाले. "अकरा वर्षं हीच खुर्ची आहे."

चिमणीने उशी दाबून पाहिली. अभ्रा तोच होता, शिवण मात्र नवी होती. तिला एकदम उलगडा झाला. "आईने कापूस भरलाय!"

निघायच्या आदल्या दिवशी आईने कडक झालेली उशी पाहिली होती. लेकीला टोचत असेल म्हणून तिने गुपचूप भरून ठेवली. मला कपाळ असतं तर मी त्यावर हात मारून घेतला असता.

"उशी काढ, लोखंडावर बस," सर म्हणाले.

"आणि पाच सेंटिमीटर खालून फेकू? सगळा सराव वाया जाईल. उसवायची!"

कात्री विमानतळावरच काढून घेतलेली. पंधरा मिनिटं उरलेली. आईची शिवण दुहेरी, अगदी मायेची! चिमणीने ती दातांनी तोडली, दोन मुठी कापूस ओढून काढला आणि भोकावर बोटांना लावायची चिकटपट्टी मारली. पुन्हा टेप. पंच्याहत्तर. पंचबाईंनी मान डोलावली.

पण घाईत कापूस डावीकडूनच निघाला होता. पहिल्या फेकीत ती कलंडली, बैठक उचलली गेली, बाद. दुसरी तोकडी पडली. आमच्याकडे एकेकीने आपल्या सगळ्या फेकी सलग करायच्या असतात, विचार करायला सवड कुठली? तिने उशीवर चार बुक्के मारले. ते मला लागले, पण मी रागावले नाही. मांडी बांधणारा डावा पट्टा तिने एक घर आवळला. पाचव्या फेकीला ती अशी ओरडली की माझे पाइप झणझणले. त्या फेकीने तिला तिसऱ्या क्रमांकावर आणलं. मला फार फार आनंद झाला, आणि आईचा रागही तेवढाच आला.

घरी आल्यावर दारातच आईने विचारलं, "उशी मऊ होती ना गं?"

चिमणीने पदक तिच्या हातात ठेवलं, मग कापसाची पिशवी ठेवली आणि सगळं सांगितलं. आईचा चेहरा पडला.

"मला काय ठाऊक! सांगायचं नाही का?"

"तू विचारायचं नाहीस का?"

आईने कापसाची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "चहा टाकू का? विचारतेय हं."

तर मित्रांनो, काळजी जरूर घ्या. वस्तूंची घ्या, माणसांची तर घ्याच. पण कुणाला ढकलण्याआधी, उचलण्याआधी, कुणाची उशी भरण्याआधी तोंड उघडून विचारा.

आता चिमणी फेकत नाही, इतरांना शिकवते. मी गॅलरीत असते. काल आई धुणं वाळत घालायला आली. तिचे गुडघे दुखत होते.

"टेकू का गं हिच्यावर?"

"मला काय विचारतेस? तिला विचार," आतून चिमणी म्हणाली.

आईने खरंच माझ्या दांड्यावर हात ठेवला. "बसू का गं बाई?"

इतक्या वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. ती बसली. उशीची डावी बाजू तिला खोल लागली. तिने चाचपून पाहिलं आणि चटकन हात मागे घेतला.

"चिमणे," तिने भीतभीत हाक मारली, "तो कापूस ठेवलाय मी. परत भरू का?"

चिमणीने दारातून डोकावून माझ्याकडे पाहिलं.

"भर," चिमणी म्हणाली. "आता कोण मोजतंय?"