रिकामा फ्लॅश

सात रस्त्याला माझी कलर लॅब होती, तेव्हा लग्नात फोटोसाठी अंगावर येणाऱ्या पाहुण्यांवर माझ्याकडे एक जालीम उपाय होता. फोटो न काढता नुसता फ्लॅश उडवायचा. पाहुणा खूश, रीळ शाबूत. मूर्खपणा एवढाच, की हे गुपित मी बायकोला, नीलम्माला, हसत हसत सांगून बसलो. वर ती जेवणाचा डबा घेऊन लॅबवर आली, की थट्टेने तिच्यावरही उडवायचो.

तेव्हापासून तिचं एकच पालुपद. "जगाच्या बायकांचे फोटू काढले. मला मातुर रिकामा फ्लॅश."

"एकदा खरा काढलाय," मी ठणकावून सांगायचो. खरं तर मलाही नक्की आठवत नव्हतं.

गेल्या महिन्यात ट्रंकेत जुना कॅमेरा सापडला. आत भरलेलं रीळ, लॅब बंद करायच्या गडबडीत धुवायचं राहिलेलं. नात सिद्धेश्वरीने लगेच ऑनलाइन डेव्हलपर वगैरे रीळ धुवायच्या औषधांच्या पुड्या मागवल्या. "अज्जा, आता कळेलच," ती म्हणाली. कार्टी पहिल्यापासून आजीच्या बाजूची.

रंगीत फिल्मचा डेव्हलपर मोठा नखरेल. अडतीस डिग्रीच हवेत, नाहीतर रंग बिघडले म्हणून समजा. जगभर लोक त्यासाठी पाणी तापवतात. आमच्या टाकीतून मे महिन्यात बेचाळीसचं येतं, म्हणून मी माठातलं ओतून निववत बसलो. कोपर बुडवून म्हणालो, "झालं." सिद्धेश्वरीने थर्मामीटर घातला. अडतीस. मी ऐटीत तिच्याकडे बघितलं.

कोठीच्या अंधारात रीळ काळ्या डब्यात चढवलं आणि बाहेर येऊन डेव्हलपर ओतला. आता सव्वातीन मिनिटं डबा हलवायचा. नीलम्मा पीठ मळायचं सोडून समोर येऊन बसली.

"उगं हात दुखवून घेताय. आत काय न्हाय."

हजारो रिळं धुतली असतील मी, पण अशी भीती कधी वाटली नव्हती. लॅबच्या तीस वर्षांत तिचा एक फोटो काढला नसेन, तर मी कसला फोटोग्राफर आणि कसला नवरा?

पुढची औषधं झाली, रीळ धुऊन वळणीवर टांगलं. कुणाचं तरी लग्न, नुसतं लग्न. शेवटच्या चौकटीत मात्र एकटी बाई. सिद्धेश्वरीने मोबाइलवर निगेटिव्हचे रंग सुलटे केले. जरा विटले होते, पण नीलम्माच. लॅबच्या दारात, हिरवं इरकल, हातात डबा, डोळे तिरळे आणि जीभ पार हनुवटीपर्यंत बाहेर.

नात हसता हसता खालीच बसली. मी मात्र छाती फुगवली. "बघ. खरा निघाला की नाही? आणि तू हे असलं तोंड केलंस."

नीलम्माने मोबाइल हातात घेऊन फोटो बघितला.

"मी दर फ्लॅशला असंच करत हुते," ती म्हणाली. "तुमी एकदा बी बगितलं न्हाय."