‘स्ट्रिक्ट’च्या पानावरचा ठिपका

मित्रांनो, माझी पाठ उसवली आहे, ‘एस’ची पानं सुटी झाली आहेत, तेव्हा मला जरा हळू उघडा. मी एक जुना इंग्रजी-जर्मन शब्दकोश आहे.

छापखान्यातून निघालो तो थेट एका भाषांतरकार बाईंच्या टेबलावर आलो. त्यांची एक सवय होती. जो शब्द वापरायचा, त्याच्याशेजारी त्या पेन्सिलीने ठिपका द्यायच्या. चुकलंच तर कुठे चुकलं ते सापडावं म्हणून. त्यांची छोटी लेक म्हणायची, “आई, याला गोवर झालाय.” बाई हसायच्या. मलाही बरं वाटायचं.

एकदा हिवाळ्याच्या तोंडावर मुलींच्या एका वसतिगृहाचा इंग्रजी तपासणी अहवाल भाषांतराला आला. तिथल्या एका मुलीची आजी परदेशात होती आणि तिला फक्त जर्मन वाचता येई. नातीला घेऊन जायचं की तिथेच ठेवायचं, हे ती अहवाल वाचून ठरवणार होती. तपासनिसांनी स्पष्ट लिहिलं होतं : इथली शिस्त ‘हार्श’ आहे, शिक्षा म्हणून मुलींची पांघरुणं काढून घेतात.

अहवाल घेऊन वसतिगृहाचे आणि तिथल्या शाळेचे व्यवस्थापक स्वतः आले होते. म्हातारीच्या जिवाला उगाच घोर नको, जरा सौम्य लिहा, असं त्यांचं म्हणणं. जाता जाता त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी लेकीला आमच्याच शाळेत घालताय ना?

बाईंनी ‘हार्श’चं पान उघडलं. तिथे ‘हार्ट’ होता, म्हणजे कठोर. त्याखाली ‘ग्राउझाम’, म्हणजे क्रूर. पेन्सिल बराच वेळ नुसती वर थांबली. मग त्यांनी मला पुढे चाळलं, पार ‘स्ट्रिक्ट’पर्यंत. तिथे ‘श्ट्रेंग’ होता. कडक. ठिपका तिथे पडला. पांघरुणांबद्दल एवढंच उरलं, की ती मोजकी असतात.

आजीने कळवलं, कडक असेल तर राहू दे, वळण लागेल.

थंडी सरायच्या आत ती मुलगी न्यूमोनियाने गेली.

आजी आली ती तपासनिसांना भेटून, त्यांचा मूळ शब्द विचारूनच. तिने मला मागून घेतलं, ‘हार्श’ शोधला आणि त्या कोऱ्या समासावर बोट ठेवलं.

“शब्द होता की तुमच्याकडे,” ती म्हणाली. “मी त्याच दिवशी निघाले असते.”

लेकीला बाईंनी त्या शाळेत घातलं नाही. मला कपाटावर टाकलं, तिथे मला कसर लागली.

परवा मोठ्या झालेल्या लेकीने मला खाली काढलं. ‘हार्ट’शेजारी तिला एक ठिपका दिसला, कागद फाटेपर्यंत गिरवलेला. तो बाईंनी त्या दिवशी आजी परत निघून गेल्यावर दिला होता.

“आई, हा एवढा मोठा का गं?”

बाई उठून आत गेल्या.

मित्रांनो, माझी सुटी पानं चिकटवा, मला ऊन दाखवा, एवढं मागणं आहेच. पण एखादं लेकरू कसं राहतंय हे लिहायची वेळ आली, तर जे पान आधी उघडलंत, ते उलटू नका.