बहुधा

पडद्यांच्या दुकानात कापड बेतायचं नि कापायचं काम करणाऱ्या बाईला सगळे टेपताई म्हणत, कारण मोजायची टेप तिच्या गळ्यातून कधी उतरतच नसे. पस्तीस हात कापड एका दमात सरळ कापावं तर तिनेच. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा एका सकाळी लाल कापड तिला विटकरी दिसायला लागलं. डावा डोळा झाकला की लाल, उजवा झाकला की विटकरी. दोन दिवसांत डाव्या डोळ्याला धुकं आलं आणि आठवड्याभरात कमरेखाली पाय असे बधिर झाले, की जणू दुसऱ्याचेच उसने आणलेत.

दवाखान्यात पाठीतलं पाणी काढलं, मेंदूचे फोटो काढले. फोटोत दोन पांढरे ठिपके दिसले. म्हातारे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "बहुधा मज्जातंतूंचा आजार आहे. बहुधा परत येईल. कधी, ते नाही सांगता येत."

दीड-दोन महिन्यांत टेपताई खडखडीत बरी झाली. डोळा लख्ख, पाय घट्ट. तिचा नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "हाच बिघाड सगळ्यात वाईट बघ. माणूस पाना घेऊन पोचला की लिफ्ट शहाण्यासारखी चालते. पाठ वळली की अडकते."

मुलाचा विषय तिनेच काढला आणि तिनेच मिटवला. "उद्या मी अंथरुणाला खिळले, तर तू मला बघशील की त्याला?"

नवरा "बरं" म्हणाला. तेवढंच.

त्यानंतर त्यांनी आजाराच्या मापाने संसार बेतला. तळमजल्यावर घर घेतलं. नवऱ्याने उंबरठा काढून टाकला, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवला. अकरा वर्षं त्या दांड्यावर टॉवेल वाळले. आजार काही आला नाही. पायाला मुंग्या आल्या की टेपताई पाय चिमटून बघायची, मग कळायचं की मांडी घालून फार वेळ बसलो होतो. रोज उठल्यावर ती एकेक डोळा झाकून कपाटावरचं लाल गाठोडं बघायची. लाल ते लाल. सासूबाईंना सगळं माहीत होतं. त्या एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत, फक्त शेजारणीचं बाळ मांडीवर घेतलं की सून आत आल्याबरोबर ते परत देऊन टाकायच्या. तेच टेपताईला जास्त लागायचं.

म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नवे फोटो काढले, जुन्यांशेजारी लावले, रक्त तपासलं. "ठिपके तेवढेच आहेत. एकही वाढला नाही," त्या म्हणाल्या. "कधी कधी तापानंतर अशी सूज एकदाच येते आणि कायमची जाते. शंभर टक्के खात्री नाही देता येणार, पण मला वाटतं तुम्हाला तो आजार नव्हताच."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "सुटलो बाई एकदाचे." टेपताईची बेचाळिशी उलटली होती.

घरी तिने चप्पल काढली आणि दारातच उभी राहिली. "मग आपण कशासाठी थांबलो?"

"जाऊ दे ना आता. बरी आहेस, हे काय कमी आहे?"

"कशासाठी थांबलो, सांग ना."

"मी कुठे थांब म्हणालो होतो?"

हे वाक्य अकरा वर्षं त्याच्या पोटात होतं. ते बाहेर पडल्यावर त्याला स्वतःचा चेहरा लपवावासा वाटला. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"बरी आहे म्हणाल्या, आई," टेपताई म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.

पुढचं वर्ष दोघं तोलून मापून बोलत राहिली. एकमेकांशी वाईट वागली नाहीत. परक्या माणसाशी कोण वाईट वागतं? कुणी विचारलं की नवरा सांगायचा, "अगदी ठणठणीत आहे," आणि ती मान खाली घालून कापड कापायची. दुकानातल्या मुलींना वाटायचं, हिला बरं होण्याचं दुःख झालंय. काही अंशी ते खरंच होतं. आजार होता तोवर मूल न होण्याला कारण होतं. आता राहिली ती नुसती चूक, आणि तीही स्वतःच्या हाताने केलेली.

मग एका दुपारी मोठा पडदा कापता कापता कात्री तिच्या हातातून पडली. उचलायला वाकली, तर बोटांना कात्री जाणवतच नव्हती. उजवा पाय खालून निघून गेल्यासारखा झाला आणि ती कापडाच्या ढिगावर बसली. मुलींनी नवऱ्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. फोटोंत नवे ठिपके होते, पाठीच्या मज्जेतही होते. "मागच्या वेळी माझा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या. "तो आजार तेव्हापासूनच होता. फक्त इतकी वर्षं झोपला होता."

त्या गेल्या. टेपताईला वाटलं, आपल्याला रडू येईल. आलं नाही. छातीवरून कुणी धोंडा उचलावा तसं हलकं वाटलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तर त्याचाही चेहरा सैल झाला होता, कितीतरी महिन्यांनी.

"म्हणजे आपलं चुकलं नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं," ती म्हणाली.

आणि मग दोघांना एकदमच कळलं, की आपण कशाने सुखावलो. त्याने खाटेच्या कडेवर कपाळ टेकलं. त्याचे खांदे हलायला लागले. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण हाताला केस जाणवेनात. नुसता हात ठेवल्याचं दिसत होतं.

"इतके वाईट झालो का रे आपण?"

"वाईट नाही गं," तो चादरीत तोंड खुपसून म्हणाला. "थकलो."

हात हळूहळू परत आला, पाय पुरता आला नाही. टेपताई आता काठी घेऊन चालते, आणि दुकानात बसून नव्या मुलींना माप घ्यायला शिकवते. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुन्हा बरीच वर्षं काही होणार नाही, बहुधा. रात्री नवरा तिच्या पायाला तेल चोळतो. एकदा चोळता चोळता तो म्हणाला, "झालं असतं तर आता केवढं असतं, नाही?"

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं.

"मुलगी असती," ती म्हणाली. "मला नेहमी मुलगीच वाटायची."

"मलाही," तो म्हणाला, आणि तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.