पथकातला सगळ्यात शांत माणूस

डॉक्टर विरक राजधानीतून, नोम पेन्हहून, गार हवेच्या गाडीतून आला आणि उतरल्या उतरल्या त्याने बुटाला लागलेली लाल माती रुमालाने पुसली. बाटाम्बांगच्या सुरुंगांच्या रानात येऊन बूट पुसणाऱ्याची अक्कल किती, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मी चन्थू, सुरुंग काढणाऱ्या पथकाची नर्स. अकरा वर्षं झाली. माणसं आखलेल्या पट्ट्यांत गुडघ्यावर बसून इंच इंच जमीन तपासतात, मी मागे रुग्णवाहिकेपाशी उभी असते. नर्स किंवा डॉक्टर जागेवर नसेल तर जमिनीला सुरुंग चाचपायची सळईसुद्धा लावायची नाही, असा आमचा नियम आहे.

तीन महिन्यांपूर्वी आमच्या पथकातल्या सारेथच्या शेजारच्या पट्ट्यात सुरुंग फुटून त्याचा जोडीदार बुंथून गेला. जे उरलं ते सारेथनेच उचललं. तेव्हापासून सारेथ कामावर उतरलेला नाही, झोपतही नाही. भाताच्या पातेल्याचं झाकण पडलं की हा जमिनीवर पालथा. आडवा झोपवून नाडी धरली तरी एकशे बारा. म्हणतो, "ताई, मानेत वारा चढतोय." भीती अंगात बसली की आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. मग मी बाम चोळून नाण्याने त्याची पाठ खरवडते, लाल वळ उठतात, घटकाभर त्याला बरं वाटतं. त्याने दुखणं जात नाही हे मलाही कळतं. पण मी निदान त्याच्या अंगाला हात लावते. या विद्वानाने तेवढंही केलं नाही.

कामाला कोण धड आहे हे लाळेवरून ठरवायला विरकने सगळ्यांना कापसाचे बोळे वाटले. सकाळी उठल्याबरोबर चघळायचे आणि नळीत टाकायचे. आठवड्याने कागद घेऊन हजर.

"सारेथ, अभिनंदन," तो म्हणाला. "कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं रसायन. तुमचं सगळ्यांत कमी निघालंय. या पथकातले सगळ्यात शांत तुम्हीच. आजपासून कामावर जा."

सारेथ हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "बघ ताई, मी भित्रा नाही. कागदावर लिहून आलंय." एवढ्याशा कागदासाठी हा माणूस जीव द्यायला निघाला होता.

मी डॉक्टरला बाजूला घेतलं. "साहेब, त्याची नाडी बघितलीत का?"

"नाडी काय, उन्हानेही वाढते."

"सकाळी सावलीत मोजलीय मी. आणि कॉर्टिसॉल कमी म्हणजे माणूस शांत, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मला एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी प्रशिक्षणात शिकवलं होतं. धोका दिसला की शरीर आधी ॲड्रिनलिन सोडतं, काळीज धावायला लागतं. मागून कॉर्टिसॉल येतं, आणि पुरेसं झालं की तेच मेंदूला सांगतं, आता बस, आणखी सोडू नको. ज्यांची भीती अंगातून जात नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा हा ब्रेक फार हळवा होतो. थोडंसं कॉर्टिसॉल आलं की लागलाच. म्हणून नळीत आकडा कमी दिसतो, आणि काळीज मात्र धावतच राहतं. सारेथचं हेच झालं होतं. मी हे सगळं विरकला सांगितलं.

"पाठीवर नाणी घासणाऱ्यांनी मला शरीरशास्त्र शिकवू नये," विरक म्हणाला. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

पथकप्रमुखाने मान खाली घालून कागदावर सही केली. त्याला पावसाआधी रान मोकळं करून हवं होतं. त्याच्याकडून कण्याची अपेक्षा मी केव्हाच सोडली आहे. सारेथ जाड छातीकवच चढवून काचेचा मुखवटा डोक्यावर घेत होता. कवचाची बक्कल लावताना त्याची बोटं दोनदा घसरली.

मी माझं छातीकवच उतरवलं आणि विरकच्या हातात ठेवलं. "मी आज आजारी आहे. नियमात डॉक्टर चालतो. सारेथच्या मागे पंचवीस पावलांवर उभं राहायचं, अकरा वाजेपर्यंत. तो दचकला आणि सुरुंग फुटला, तर पहिलं धावायचं तुम्हीच."

"मला संध्याकाळच्या आत परत पोचायचंय."

"मग तासभर राहा. पथकातला सगळ्यात शांत माणूस आहे ना, घाबरायचं काय?"

त्याने कवचाकडे पाहिलं, मग गाडीकडे. "हे माझं काम नाही," तो म्हणाला आणि कवच जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे सरकला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतर म्हटलं की असंच होतं. मला त्याची किळस आली. पथकप्रमुख बुटाच्या नाड्या बांधत बसला.

सारेथ विरककडे आणि जमिनीवर ठेवलेल्या कवचाकडे बघत होता. मग त्याने मुखवटा काढला, कवच काढलं, नीट घडी करून माझ्या पायाशी ठेवलं आणि खाली बसला.

"जाऊ दे ताई, त्याला बोलू नकोस," तो म्हणाला. "माझ्या मागे मीसुद्धा उभा राहिलो नसतो."