एक जूनचा पासवर्ड

कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. ते अजून चालू आहे, दरवर्षी गॅदरिंग होतं, आणि नाव सांगितल्यानं कुणाचं काही वाकडं होणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. जालना जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. साल दोन हजार आठ. मी तिथं तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवत होते. म्हणजे तास झाला तर मॅडम, नाही झाला तर कुणीच नाही.

त्या वर्षी कॉलेजात तपासणी समिती येणार होती. समिती येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, कुठून कुठून कुंड्या येतात, आणि वर्षभर कुलूप असलेली लायब्ररी सकाळी आठलाच उघडते. या खेपेला दहा कॉम्प्युटर आले. खोलीवर ‘विद्यार्थी माहिती तंत्रज्ञान सेवा’ अशी पाटी चढली. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा ई-मेल असलाच पाहिजे, असं प्राचार्य अण्णासाहेबांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं आणि ते काम बद्रीनाथ सरांच्या गळ्यात पडलं.

बद्रीनाथ सर कॉम्प्युटर रूमचे प्रमुख होते. त्या खोलीत दुसरं कुणी नोकरीला नव्हतंच, त्यामुळं शिपाईही तेच. माणूस गरीब स्वभावाचा, कामाला वाघ. लाइट असेल तेवढ्या वेळात बसून त्यांनी एकट्यानं सगळ्या पोरापोरींची खाती उघडली. खात्याचं नाव म्हणजे मुलाचं नाव आणि पुढं त्याचा हजेरी क्रमांक. पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. मग बोर्डावर नोटीस लागली: ‘आपली जन्मतारीख हाच आपला पासवर्ड आहे. तो कोणासही सांगू नये.’ खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. समिती आली, खोली बघून खूश झाली, जेवून गेली.

सत्यशीला तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तीर्थपुरीच्या अलीकडच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. वडील संपत गवंडीकाम करायचे, आई गिरिजाबाई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची. बौद्ध वस्तीतली बारावीच्या पुढं गेलेली ही पहिली मुलगी. विहारात तिचा सत्कार झाला, तेव्हा संपतभाऊंनी नवा सदरा शिवला होता. तिला हायस्कूलवर विज्ञान शिकवायचं होतं. हे ती कुणालाही, विचारलं नाही तरी, सांगायची.

आणि पोरगी खरंच हुशार होती. टायट्रेशन करताना बाकीची पोरं घाई करतात आणि फ्लास्कमधलं पाणी भडक गुलाबी करून ठेवतात. हिचा गुलाबी रंग, पाहिजे तेवढाच फिका, पांढरा कागद मागं धरल्याशिवाय दिसायचा नाही. मी मनातल्या मनात तिला एम.एस्सी.ला बसवूनही टाकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं आणि सत्यशीला आठवडाभर आलीच नाही. आली तेव्हा चेहरा उतरलेला. प्रॅक्टिकल संपल्यावर ती बेसिनपाशी नळ्या धूत उभी राहिली. धुतलेल्याच नळ्या परत धूत होती.

“काय झालं गं?”

तिनं सांगितलं ते असं. तिच्या ई-मेलवरून वर्गातल्या धर्मराजला एक पत्र गेलं होतं. तू मला आवडतोस, तुझ्याशिवाय करमत नाही, बसस्टँडवर भेट, वगैरे. सिनेमात असतं तसलं. धर्मराज तिच्याच गावच्या काकासाहेबांचा मुलगा. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. ते पत्र कुणीतरी इंटरनेट कॅफेत छापून घेतलं, त्याच्या झेरॉक्स निघाल्या, आणि त्यातली एक धर्मराजच्या चुलत्याच्या, सर्जेरावांच्या हातात गेली. सर्जेराव चौघांना घेऊन जीपमधून संपतभाऊंच्या दारात आले.

“माय पाणी घेऊन आल्ती,” सत्यशीला म्हणाली. “कोणीच घेतलं न्हाई. चुलते म्हणले, पोरगी शिकून राह्यली, चांगलं हाय. पण आमच्या पोराच्या नादी लागायचं काम न्हाई. आता सांगून राह्यलो, पुन्हा सांगणार न्हाई. आवाज बी चढवला न्हाई, मॅडम. जीप चालूच ठेवली होती.”

“धर्मराज काय म्हणाला?”

“तो मला म्हणला, पोरांनी गंमत केली असंल. घरी मात्र तोंड उघडलं न्हाई त्यानं.”

त्याच्या नावानं मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मी तिला विचारलं, “पासवर्ड कुणाला सांगितला होतास?”

“कोणालाच न्हाई. नोटिशीत लिहिलं होतं ना, सांगू नका म्हणून. मैत्रिणीला बी न्हाई सांगितला.”

“तुझी जन्मतारीख काय?”

“एक जून.”

मी कपाळावर हात मारला. माझीही जन्मतारीख एक जूनच आहे. मी टेंभुर्णीची. आई सांगते, तू पोळ्याच्या आदल्या दिवशी झालीस. पण शाळेत नाव घालताना कुणाच्या बापाला तारीख आठवते? गुरुजी पोराकडं बघतात, डोक्यावरून हात कानाला लागतो का ते पाहतात आणि लिहून टाकतात, एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, वय बरोबर बसतं, गुरुजींचंही काम होतं. आमच्याकडं गावंच्या गावं एक जूनला जन्मलेली आहेत. आणि आमच्या कॉलेजनं ती तारीख कुलूप म्हणून दारोदार लावली होती.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला मी सगळ्या वर्गाला उभं केलं. म्हटलं, “ज्यांची जन्मतारीख एक जून आहे त्यांनी हात वर करा.”

पुढच्या रांगेत दोन-तीन पोरं सोडली तर बाकी सगळे हात वर. सालही बहुतेकांचं एकच. पोरं एकमेकांकडं बघून खो-खो हसायला लागली. त्यांच्या हसण्यावरून मला कळलं, की त्यांना हे नवीन नव्हतं.

“मॅडम, तुम्हाला आत्ता माहीत झालं व्हय?” मागून एकजण म्हणाला. “आम्ही तर पहिल्यापासून एकमेकाचं उघडून राह्यलो. टाइमपास.”

सत्यशीलाचा हातही वरच होता. ती तो खाली घ्यायला विसरली होती.

मी तडक अण्णासाहेबांकडं गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हे ते, पण त्यांना फक्त समितीची भीती वाटायची आणि समिती तर येऊन गेली होती. त्यांनी बद्रीनाथ सरांना बोलावलं. पत्र कुणी पाठवलं ते शोधता येईल का, असं मी विचारलं. सर म्हणाले, “कोण कोणत्या मशीनवर बसतं याची नोंदच नाही मॅडम. मी एकटा किती बघू?” त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना रागवायचं माझ्या मनात होतं, ते तसंच राहिलं.

अण्णासाहेबांनी त्याच दुपारी उपाय काढला. नवी नोटीस लागली: ‘विद्यार्थिनींनी पालकांच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर रूममध्ये बसू नये.’ मी म्हणाले, “सर, गुन्हा कुणी केला आणि बाहेर कुणाला काढताय?” ते म्हणाले, “प्रकरण वाढवू नका. तुमचं अजून कायम झालेलं नाही.” ते अगदी आपुलकीनं म्हणाले, याचाच मला जास्त संताप आला.

शनिवारी संपतभाऊ कॉलेजात आले. लेकीचा दाखला न्यायला. विहारातल्या सत्काराचाच सदरा अंगात होता. सत्यशीला मागं उभी होती, हातात दप्तर नव्हतं.

मला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. या माणसाला एवढंच दाखवायचं, की पत्र त्याच्या लेकीनं लिहिलेलं नाही. ते एकदा पटलं की तो दाखला मागणार नाही. लेकीसाठी उन्हातान्हात भिंती रचणारा बाप आहे, त्याला फक्त खात्री पाहिजे. मी म्हणाले, “भाऊ, दाखला नंतर. आधी माझ्याबरोबर या.”

मी त्यांना कॉम्प्युटर रूममध्ये नेलं आणि खुर्चीवर बसवलं. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. बद्रीनाथ सरांनी मशीन सुरू केलं. मी एका मुलाचं नाव टाकलं, एक जून टाकलं, खातं उघडलं. दुसऱ्याचं नाव, एक जून, उघडलं. तिसरीचं उघडलं. खुद्द धर्मराजचंसुद्धा उघडलं. प्रत्येक वेळी मी म्हणत होते, “बघितलं भाऊ? बघितलं?” मला कोर्टात केस जिंकत असल्यासारखं वाटत होतं.

“म्हंजे, बाई,” संपतभाऊ हळू म्हणाले, “आमच्या पोरीचं बी असंच कोणी बी उघडू शकतं?”

“कुणीही! तेच तर सांगतेय. तिनं काहीच केलेलं नाही. बिलकुल नाही.”

“ते मला पहिल्या दिवशीच ठाऊक व्हतं.”

“मग दाखला कशाला?” मी विचारलं.

“माझी लेक हाय ती. मला ठाऊक नसंल का? मला वाटलं, कोण्या एका पोरानं खोडी केली, उद्या विसरंल. म्हणून दाखला न्यावा का न्हाई, याचा विचार करत आल्तो. गाडीत बसून बी ठरत नव्हतं.” त्यांनी पडद्याकडं बोट केलं. “आता तुम्ही दाखवलं. हे तर सगळ्या कॉलेजाच्या हातात हाय. आज एकदा लिहिलं, उद्या पुन्हा लिहितील. तुम्ही मला समजून सांगितलं, मला पटलं. त्यांना कोण समजून सांगंल? ते पुन्हा आले तर बोलायला येणार न्हाईत, बाई. वस्तीवर आमची सात घरं हायत.”

“पासवर्ड बदलून टाकू ना भाऊ. आत्ता बदलू. दोन मिनिटांचं काम आहे.”

“बदला की. पण ज्यानं लिहिलं तो हितंच हाय ना? त्याला तर काढलं न्हाई कोणी.”

मी किती हुशारीनं, किती पुराव्यानिशी त्या माणसाचा निर्णय पक्का करून दिला होता!

“बाबा, परवा प्रॅक्टिकल हाय,” सत्यशीला पहिल्यांदाच बोलली. “परीक्षेपुरतं तरी येऊ द्या. तुम्ही सोबत या पाह्यजे तर.”

“रोज कसा येऊ माय?”

“मंग बाहेरून परीक्षा देते.”

बाहेरून बी.ए. होतं. बी.एस्सी. होत नाही. प्रॅक्टिकल घरी कसं करणार? हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं आणि दोघींपैकी कुणीही बोललं नाही. संपतभाऊंनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. आपण रडतोय याची त्यांना लाज वाटत नव्हती, लाजायला वेळही नव्हता. त्यांना अण्णासाहेब जेवायला जायच्या आत सही घ्यायची होती. ते ऑफिसकडं गेले.

बद्रीनाथ सर सत्यशीलाला म्हणाले, “बाळा, हे खातं बंद करून टाकू का?”

“नको सर. माझं हाय ते. मला बदलून द्या.”

सरांनी पान उघडून दिलं. ती खुर्चीत बसली. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत तिनं नवा पासवर्ड टाकला. आम्ही दोघांनी पाठ फिरवली होती. तोच पासवर्ड पुन्हा टाकायला लागतो, तो तिनं पुन्हा टाकला. काय टाकला ते मला आजही माहीत नाही. मग तिनं आम्हाला हाक मारली. पडद्यावर, बदल झाला, असं आलं होतं.

“आता कोणी उघडू शकत न्हाई ना, मॅडम?”

“नाही.”

“मी सोडून कोणी बी न्हाई?”

“कुणीही नाही. अगदी सरसुद्धा नाही.”

तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, चेहऱ्यावर दिसलं ते. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडं काहीतरी असं होतं, ज्याची किल्ली फक्त तिच्याजवळ होती. दारात संपतभाऊ आले. हातात घडी घातलेला दाखला होता. “चल माय, गाडी जाईल,” ते म्हणाले.

ती उठली, खुर्ची आत सरकवली आणि मला विचारलं, “मॅडम, हे आता गावाकडून कसं उघडायचं?”

त्यांच्या गावात तेव्हा एकही कॉम्प्युटर नव्हता. मी म्हणाले, “उघडेल,” आणि ती वडिलांच्या मागं निघून गेली.