उजव्या कडेचा माणूस

पेठेच्या टोकाला चित्रांना चौकटी करून देणाऱ्याचं दुकान होतं. त्याच्या खिशातून लोखंडी पट्टी कायम डोकावायची, म्हणून सगळी पेठ त्याला इंचपट्टीच म्हणायची. जुन्या एका लढाईच्या काळात चित्रकारांनी आघाडीवर जाऊन काढलेल्या चित्रांच्या छापील प्रती तो मागवायचा, काचेत बसवायचा आणि विकायचा. लोक त्या हौसेनं बैठकीच्या खोलीत लावायचे. धूर, चिखल, जखमी माणसं, सगळं सोफ्याच्या वर छान दिसायचं.

सगळ्यात जास्त खपायचं ते पुलाचं चित्र. लाकडी पुलावरून शिपाई जखमींना खांद्यावर घेऊन नदी पार करताहेत. पण त्याचा कागद तयार चौकटीपेक्षा दोन बोटं लांब यायचा. मापाची नवी चौकट करायची म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. इंचपट्टीनं पहिल्याच वेळी उजवीकडची दोन बोटं छाटून टाकली. त्यात एक माणूस जातो हे त्याला दिसलं होतं. पण पुलावर पंधरा-वीस माणसं होती, एकानं काय अडतंय? छाटलेल्या पट्टीची तो घडी घालायचा आणि मागच्या पुठ्ठ्याखाली सारायचा, म्हणजे काच खडखडत नसे. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

एका शनिवारी एक आजी आल्या. मागून त्यांची सून, हातात चादरीत गुंडाळलेलं पुलाचं चित्र. आजींना ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून मुलानं ते दिलं होतं, आणि इंचपट्टीनंच घरी जाऊन टांगलं होतं.

“काय आजी, काच तडकली?”

“काचेला काय धाड भरलीय? माझा भाऊ कुठाय?”

सुनेनं हसून कपाळाला हात लावला. “तुम्हीच समजवा हो यांना. चार दिवस घर डोक्यावर घेतलंय. म्हणे चित्रात यांचे दादा होते.”

“होते काय, आहेच! सगळ्यात शेवटी. हातात पाण्याचा डबा, मागे वळून बघतोय. त्यानं पत्रातच लिहिलं होतं, चित्रकारानं मला उभं केलंय म्हणून. मी दहा वर्षांची असताना खरं चित्र आमच्या शाळेत आणलं होतं, तेव्हा या डोळ्यांनी पाहिलंय. दादा लढाईवरून परत आला नाही. त्याचा एक फोटो नाही आमच्याकडे. सत्तर वर्षं सगळ्यांना सांगत आले, आणि आता म्हणतात म्हातारी चळली.”

“चळली कोण म्हणालं? विसरला असाल, एवढंच म्हटलं मी.”

“तेच ते, साखर लावून.” आजी इंचपट्टीकडे वळल्या. “तू रोज हाताळतोस हे चित्र. तू सांग. होता की नव्हता?”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. इंचपट्टीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

“चित्र असंच येतं, आजी,” तो म्हणाला.

आजींनी काचेच्या उजव्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग स्वतःच चादर गुंडाळली. “चल गं,” त्या म्हणाल्या. “माझंच काहीतरी झालं असेल.” आता सून हसत नव्हती. लहान मुलाला धरावं तसं तिनं सासूचं कोपर धरलं. ते इंचपट्टीला बघवलं नाही.

गिऱ्हाइकं गेल्यावर दुकानाच्या मागच्या बाजूला काच कापत बसलेली त्याची बायको बोलली. “चित्र असंच येतं?”

“मग काय चारचौघांत सांगू, मी चित्रं छाटतो म्हणून?”

“त्यांना मात्र चारचौघांत वेडं ठरवलंत.”

त्याला जेवण गेलं नाही. त्यानं गुंडाळीतून एक न छाटलेली प्रत काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा उजवी कड भिंग लावून पाहिली. विशीतला पोरगा. डबा जड असल्यानं एक खांदा कललेला. कान बाहेर आलेले, थेट आजींसारखे. इंचपट्टीनं भिंग खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी तो प्रत घेऊन निघाला. आजी एकट्या भेटाव्यात, हळूच सांगून मोकळं व्हावं, असा त्याचा बेत होता. दार आजींनीच उघडलं. चित्र कपाटाला टेकवून ठेवलं होतं, वर चादर तशीच.

“आजी, काल मी खोटं बोललो,” तो पुटपुटला. “तुमचे दादा होते चित्रात. मीच कापलं त्यांना.”

आजींनी दार सताड उघडलं. “मला कशाला सांगतोस? कालपर्यंत मला ठाऊकच होतं.” मग आत तोंड करून म्हणाल्या, “सूनबाई, हात पूस आणि बाहेर ये. नवऱ्यालाही उठव.” दोघं आली. “हं, बोल आता. मोठ्यानं बोल, याला कमी ऐकू येतं.”

त्याला ते दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना शेजारच्या घरातलं बोलणंही थांबल्यासारखं वाटलं.

“कापलं म्हणजे? फेकून दिलं?” मुलानं विचारलं.

इंचपट्टीनं नाही म्हणून मान हलवली. यापुढचं तोंडानं सांगायची त्याची हिंमत नव्हती. त्यानं चित्र पालथं घातलं, खिळे उपसले, पुठ्ठा उचलला. कोपऱ्यात चार घड्यांची पट्टी दाबून बसलेली होती. त्यानं ती उलगडून आजींच्या हातात दिली. एक घडी पोराच्या गालावरून गेली होती.

“म्हणजे इथेच होता,” आजी म्हणाल्या. “इतके दिवस. भिंतीकडे तोंड करून.”

सून वाकून बघत होती. “आई,” ती म्हणाली, “कान बघा. तुमचेच.” आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

आजी अंगठ्यानं ती घडी दाबत राहिल्या, पण ती काही जाईना.

“मी अख्खी प्रत आणलीय,” इंचपट्टी म्हणाला. “चौकट नवी करून देतो, मोठी.” आजींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सुनेनं चहा आणून त्याच्यासमोर ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. कप तसाच राहिला.

त्यानं प्रत टेबलावर पसरली आणि खिशातली पट्टी काढली. अकरा वर्षांत न चुकलेलं माप आज तिसऱ्यांदा चुकलं. तेव्हा आजी उठून आल्या, पाण्याचा डबा धरलेल्या पोराच्याही पलीकडे, कोऱ्या कागदावर त्यांनी बोट टेकवलं.

“इथपर्यंत,” त्या म्हणाल्या. आणि त्याचं माप लिहून होईपर्यंत बोट उचललं नाही.