हेड्रियनची दाढी

सूनबाईचा दिवस लोकांचे दात घडवण्यात जाई. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवायची. डोळ्याला लावलेलं भिंग घरी आल्यावरही सुटत नसे, कारण घरी तिची नाणी होती. रोमन, चांदीची, अंगठ्याच्या नखाएवढी, दोन हजार वर्षांच्या आसपासची. पगार बेताचा, म्हणून संग्रहही तसाच. कुणाचं नाक झिजलेलं, कुणाचा शिक्का तिरका बसल्यामुळे अर्धं डोकं नाण्याबाहेर गेलेलं, तर कुणाच्या चांदीखालून तांबं डोकावणारं. पैसेवाले हौशी लोक असल्या नाण्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. हिला मात्र तीच जवळची वाटत. "इतक्या हातांतून फिरलंय, चेहरा झिजणारच की," म्हणायची.

सासऱ्यांना हे काही पटत नसे. त्यांनी जन्मभर सलून चालवलं. शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा दुकान बंद करून ते मुलाकडे राहायला आले, आणि तेव्हापासून खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी बघत बसत. बोलणं जवळपास थांबलंच होतं. नाण्यांचा विषय निघाला की मात्र एक वाक्य हमखास यायचं, "पैसे देऊन पैसे विकत घ्यायचे, आणि तेही न चालणारे!"

नाण्यांचा बाजार भरला त्या रविवारी नवरा नेमका कामासाठी बाहेरगावी होता. म्हाताऱ्या माणसाला दिवसभर एकटं सोडायला तिचं मन होईना.

"बाबा, चला की माझ्याबरोबर."

"मी तिथं काय करू?"

"इथं करता तेच. डोकी बघा."

बाबा हसले नाहीत, पण त्यांनी चपला घातल्या.

भल्यामोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा लागल्या होत्या. सूनबाई थेट तिच्या नेहमीच्या नाणेवाल्याकडे गेली. हा गडी मोठा दिलदार. त्याची दाढी मात्र अशी वाढलेली, की जेवताना घास शोधून तोंडात घालावा लागत असेल. तिच्यासाठी त्याने झिजलेल्या नाण्यांचं तबक पुढे सरकवलं. पण तिची नजर काचेखालच्या एका नाण्यावर अडकली होती. रोमन सम्राट हेड्रियन! केव्हापासून तिला तो हवा होता. मानेमागे छिन्नीचा घाव होता. चांदी खरी की खोटी ते पाहायला जुन्या काळी कुणीतरी घातलेला. त्या घावामुळे तो इतरांपेक्षा स्वस्त होता, तरी तिच्या आवाक्याबाहेरच. तिने एक उसासा टाकला आणि तबकाकडे वळली.

इकडे बाबा काचेवर वाकले होते. त्यांनी सुनेचं भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"दाढी बघ याची," ते हळूच म्हणाले. "आखूड, कुरळी, गालावर एकसारखी बसवलेली. याला चांगला कारागीर भेटलाय."

"शिक्का कोरणारा ना, बाबा?"

"त्याचंही कौतुक आहेच गं. पण आधी कात्रीवाल्याचं!"

नाणेवाला खदखदून हसला. "काका, अशी दाढी माझी कुणी करून दिली, तर बायको पुन्हा माझ्या प्रेमात पडेल."

"बसा," बाबा म्हणाले.

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून कात्री आणि कंगवा काढला. सूनबाई बघतच राहिली. दुकान बंद झालं तरी हा माणूस हत्यारं उराशी घेऊन फिरत होता, आणि एका घरात राहून तिला याचा पत्ता नव्हता.

जेवणाची सुट्टी झाली तसे सगळे हॉलमागच्या अंगणात आले. नाणेवाल्याच्या गळ्यात वर्तमानपत्र खोचलं. सूनबाईने हेड्रियन भिंगाखाली धरला. बाबा एकदा नाण्याकडे बघत, एकदा दाढीकडे. पहिल्या एकदोन बटा जपून कापल्या, मग कात्री अशी चालू लागली की नुसता किचकिच आवाज. वर तोंडही सुरू झालं! कुणाच्या लग्नाआधी दाढी कशी बिघडली आणि नवरदेवाला कसं मागच्या दाराने पळवलं, असे किस्से त्यांनी रंगवून सांगितले. सूनबाईने ते आजवर ऐकलेच नव्हते. भोवती ही गर्दी जमली.

नाणेवाल्याने कुणीतरी पुढे धरलेल्या आरशात पाहिलं आणि मान ताठ केली. "आता मला कर गोळा करायला हरकत नाही," तो म्हणाला. "काका, हे नाणं तुमचं. घेऊन जा."

"छे! मी मजुरी घेतो, दान नाही. मजुरी किमतीतून कापा."

तेवढ्यात मागून एक गृहस्थ पुढे आले. "माझीही होईल का हो?" त्यांच्यामागे आणखी एक उभे राहिले. एका टक्कलवाल्याने तर नाणं दाखवून विचारलं, "याच्यासारखे केस मिळतील का?" बाबा शांतपणे म्हणाले, "ते टांकसाळीतच मिळतील." अंगण हास्याने दणाणलं.

संध्याकाळी सुनेची बचत आणि सासऱ्यांची मजुरी एकत्र केली, आणि हेड्रियन तिच्या तळहातावर आला. घावासकट. तिने वाकून बाबांच्या पाया पडायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "माझे गुडघे दुखतायत, जपून."

बसमध्ये त्यांनी नाणं मागून घेतलं आणि घर येईपर्यंत सोडलं नाही. "याच्या आधीचे सगळे सम्राट गुळगुळीत का गं? याने दाढी का ठेवली?" प्रश्नावर प्रश्न. तिला माहीत होतं तेवढं तिने सांगितलं. नव्हतं तिथे दोघांनी मिळून तर्क लढवले.

पुढच्या बाजाराला नाणेवाल्याने आपल्या टेबलाशेजारी एक उंच खुर्ची आणि आरसा मांडून ठेवला होता. बाबा नवा पांढरा कोट घालून आले. सूनबाईला त्या दिवशी एकही नाणं धड बघता आलं नाही, कारण लोकांचे नंबर लावायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.